कोणास विचारावें? : कोल्हापूरच्या मुलांच्या शोधविद्येचा इतिहास

कोल्हापुरांत जूनच्या मध्यास शाळा उघडतात तेव्हां पावसानें शहर ओलेंचिंब झालेलें असतें आणि नव्या वह्यांचीं पहिलीं पानें बहुधा एकाच विषयानें भरतात. २६ जून हा राजर्षि शाहू महाराजांचा जयंतीदिन; महाराष्ट्र शासन तो सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतें. त्यामुळें ‘शाहू महाराजांची माहिती लिहून आणा’ अशी आज्ञा शाळाशाळांतून सुटते. पूर्वींचा विद्यार्थी ही आज्ञा घेऊन आजोबांकडे, नाहीं तर गल्लींतल्या एखाद्या निवृत्त मास्तरांकडे जाई. आजचा विद्यार्थी घरांतला मोबाइल हातीं घेतो, शोधयंत्राच्या चौकोनांत दोन शब्द लिहितो, आणि पापणी लवायच्या आंत उत्तर समोर उभें राहतें.

उत्तर उभें राहतें खरें, पण कोणाचें? ‘शाहू महाराज’ एवढेच शब्द लिहिले तर यंत्रापुढें निदान तीन पुरुष असतात. १६८२ ते १७४९ या काळांतील साताऱ्याचे शाहू, म्हणजे संभाजी महाराजांचे चिरंजीव; १८७४ ते १९२२ या काळांतील करवीरचे राजर्षि शाहू; आणि २०२४ सालीं कोल्हापुरांतून लोकसभेवर निवडून आलेले शाहू छत्रपति. ‘शाहू महाराज विद्यापीठ’ असें लिहिलें तर मूल थेट कानपुरास जाऊन पोहोंचतें. कारण छत्रपति शाहू जी महाराज यांच्या नांवाचें विद्यापीठ तेथें आहे. ‘राजर्षि’ ही पदवी महाराजांस १९१९ सालीं कानपुरासच कुर्मी क्षत्रियांच्या सभेनें अर्पण केली, हें ज्यास ठाऊक आहे त्याला या भ्रमणाचें नवल वाटणार नाहीं. दहा वर्षांच्या मुलास तें ठाऊक नसतें. बाळाजी विश्वनाथास पेशवाईचीं वस्त्रें देणारे शाहू आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करणारे शाहू एकाच निबंधांत, एकाच पुरुषाच्या अंगीं येऊन बसतात, ते अशा वाटेनें.

हा दोष यंत्राचा म्हणावा, तर यंत्रानें विचारलें तेवढेंच दिलें. मुलाचा म्हणावा, तर कसें विचारावें हें त्याला कोणी शिकविलेलें नाहीं. विचारण्याची विद्या आपल्या शाळांतून कधीं शिकविली गेली, कधीं राहून गेली, हें पाहूं लागलें म्हणजे या प्रश्नाचीं मुळें यंत्राच्या जन्माआधीं पुष्कळ वर्षें मागें जातात.

पंतोजींच्या शाळेंत शोधण्यास जागाच नव्हती. धुळपाटीवर अक्षर गिरवावें, पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे म्हणावे, आणि जें पाठ झालें तेंच ज्ञान. ज्ञानाचें भांडार डोक्यांत होतें, म्हणून त्याची किल्ली स्मरणशक्ति. या पद्धतीची आज थट्टा होते. पण तिच्यांत एक गुण होता. सांगणारा माणूस समोर असे आणि त्याच्या शब्दाबद्दल तो गांवापुढें जबाबदार असे.

छापील पुस्तक आलें आणि ही स्थिति पालटली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, त्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं. करवीर नगर वाचन मंदिर या नांवानें पुढें प्रसिद्धीस आलेलें कोल्हापूरचें ग्रंथालय १८५० चें. म्हणजे सत्तावनच्या उठावाहूनहि तें सात वर्षांनीं वडील. ग्रंथालय म्हणजे केवळ कपाटें नव्हेत. तेथें सूचि असते, सूचींतून क्रमांक मिळतो, क्रमांकावरून पुस्तक मिळतें, आणि पुस्तकाच्या पाठपृष्ठाआधीं पुन्हा एक सूचि असते. ज्यास हा तीन पायऱ्यांचा जिना चढतां येतो त्याला गुरु गांवांत नसला तरी चालतें. मात्र जिना चढण्यास वर्णानुक्रम यावा लागतो. ‘क्ष’ हें अक्षर ‘क’ खालीं पाहावें कीं ‘ह’ च्या नंतर, एवढ्या एका अडचणीवर कित्येक मुलांचा कोशाशीं असलेला संबंध कायमचा तुटला असेल.

शाहू महाराजांनीं १९१७ सालीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. या कायद्यानें खेड्यापाड्यांतील, ज्यांच्या घरांत अक्षर कधीं शिरलें नव्हतें अशा मुलांच्या हातांत पुस्तक आलें. पुस्तक वाचतां येणें आणि पुस्तकांतून हवें तें शोधून काढणें या दोन विद्या मात्र भिन्न आहेत. पहिली शाळेनें दिली. दुसरी ज्याच्या घरीं पुस्तकें होतीं त्याला आपोआप मिळाली आणि ज्याच्या घरीं नव्हतीं तो तिला मुकला. पुढील शंभर वर्षांत हा भेद मिटला नाहीं. तो फक्त नव्या साधनांच्या मागें दडला.

कोशांची उणीव मराठींत फार काळ राहिली नाहीं. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत बाहेर आले. पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं वाईस मराठी विश्वकोशाचें काम चाललें आणि १९७६ सालीं त्याचा पहिला खंड निघाला. विश्वकोशाची एक रीत येथें मुद्दाम ध्यानांत घेण्यासारखी आहे. नोंद संपली कीं तिच्याखालीं लिहिणाऱ्याचें नांव येतें. पंतोजी समोर नसला तरी त्याची सही तेथें आहे. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं जे पांच नियम सांगितले, त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचवा असा आहे. तो नियम शोधयंत्रानें इतका पाळला, कीं वाचकास थांबून सही पाहण्यापुरताहि वेळ उरला नाहीं.

आतां यंत्राकडे वळावयास हरकत नाहीं. १९९० सालीं माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठांत ॲलन एम्टेज या विद्यार्थ्यानें ‘आर्ची’ नांवाची योजना रचली. निरनिराळ्या संगणकांवर ठेवलेल्या फाइलींचीं नांवें गोळा करून त्यांची यादी ती ठेवी. इंटरनेटवरील पहिलें शोधयंत्र म्हणून तिचें नांव घेतलें जातें. १९९४ सालीं ‘याहू’ आलें. त्याच्या आरंभीं तर माणसेंच बसून पानांची वर्गवारी करीत, म्हणजे तो एक प्रकारें ग्रंथपालाचाच व्यवसाय होता. १९९५ च्या अखेरीस ‘अल्टाव्हिस्टा’ आणि १९९८ सालीं ‘गूगल’. भारतांत सामान्य माणसास इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून.

या यंत्राची अंतर्गत रचना समजावून सांगण्यास पुस्तकाच्या शेवटची सूचि पुरे. समजा, जगांतील सर्व पुस्तकांची मिळून एकच सूचि केली आणि ‘पन्हाळा’ या शब्दासमोर तो शब्द ज्या ज्या पानावर आहे त्या सर्व पानांचे क्रमांक लिहिले. शोधयंत्राची एक टोळी रात्रंदिवस पानांपानांतून हिंडते आणि अशी सूचि करीत राहते. मुलानें शब्द लिहिला कीं यंत्र जग शोधीत नाहीं. तें आपली सूचि उघडतें. प्रश्न उरतो तो क्रमाचा. लाख पानांतून पहिलें कोणतें दाखवावें? गूगलच्या लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनीं काढलेली मूळ युक्ति अशी, कीं ज्या पानाकडे इतर पुष्कळ पानें बोट दाखवितात, आणि बोट दाखविणारीं पानें स्वतः मान्यतेचीं असतात, तें पान वर. पुढें त्यांत इतर शेंकडों गोष्टी मिसळल्या. परंतु यंत्राचा पहिला क्रमांक हा मान्यतेचा क्रमांक आहे, सत्याचा नव्हे, ही गोष्ट चौथीच्या मुलासहि सांगतां येते. गांवांत ज्याच्या ओट्यावर गर्दी जास्त त्याचें औषध लागू पडतेंच असें नाहीं.

यांतच जाहिरात येऊन मिळते. ‘कोल्हापुरी चप्पल’ हे शब्द लिहून पाहावे. चप्पल कोण करतें, कातडें कसें कमावतात, २०१९ सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळालें तें महाराष्ट्राच्या चार व कर्नाटकाच्या चार अशा आठ जिल्ह्यांस मिळून कां मिळालें, हें कांहीं पहिल्यानें दिसत नाहीं. दिसतात तीं दुकानें. २०२५ च्या जूनमध्यें इटलींतील प्रादा या पेढीनें तशाच घाटाची चप्पल मिलान येथें मिरविली आणि येथील कारागिरांचें नांव प्रथम घेतलें नाहीं, तेव्हां कांहीं दिवस पुष्कळ शोधांच्या माथ्यावर तीच वार्ता होती. शब्द तेच, उत्तरें निराळीं. ‘कोल्हापुरी चप्पल कारागीर इतिहास’ असे चार शब्द लिहिले म्हणजे दुकानें खालीं सरकतात. प्रश्नांत एकेक शब्द वाढवीत नेणें म्हणजे खणतांना कुदळ योग्य जागीं मारणें होय, आणि ती जागा ओळखण्यास त्या विषयाचें थोडें तरी ज्ञान आधीं असावें लागतें.

कोल्हापूर जिल्ह्यास या यंत्रयुगाचें दर्शन फार लवकर घडलें, ही गोष्ट आतां बहुतेक विस्मरणांत गेली आहे. पन्हाळा तालुक्यांतील वारणानगर येथें तात्यासाहेब कोरे यांनीं उभा केलेला सहकारी साखर कारखाना व त्याभोंवतीं वाढलेला संस्थांचा परिवार सर्वश्रुत आहे. १९९८ सालीं केंद्र व राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनीं मिळून परिसरांतील सुमारें सत्तर गांवांत संगणकाचीं माहितीकेंद्रें बसविलीं. ज्या वर्षीं गूगल जन्मलें त्याच वर्षींची ही गोष्ट. पिकांची माहिती, बाजारभाव, मुलांच्या शिक्षणाची माहिती, सारें गांवांतच मिळावें असा संकल्प होता. प्रत्यक्षांत काय चाललें? उसाची नोंद, वजनाच्या पावत्या, बिलाची तारीख. शेतकऱ्यास हवें होतें तें त्यानें यंत्राकडून करून घेतलें, आणि त्यांत गैर कांहींच नव्हतें. पुढें मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं तेथेंच प्रयोग करून दाखविलें, कीं हें काम साध्या मोबाइलवरील लघुसंदेशानें अधिक स्वस्त होतें. शोध घेण्याचा भाग मात्र संकल्पांतच राहिला. यंत्र गांवांत आणून ठेवल्यानें जिज्ञासा गांवांत येत नाहीं, याचें एवढें मोठें प्रमाण महाराष्ट्रांत दुसरें क्वचितच असेल.

याच्या उलट बाजूचाहि एक प्रयोग त्याच सुमाराचा आहे. १९९९ सालीं सुगत मित्र यांनीं दिल्लीच्या कालकाजी भागांत एका भिंतीला भोंक पाडून तेथें संगणक बसविला आणि वस्तींतल्या मुलांना मोकळें सोडलें. शिकविणारा कोणी नसतां मुलें तो चालविण्यास शिकलीं. पुढें कोल्हापुराच्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतहि असे संगणक बसले. या प्रयोगावर जगांत बराच वाद झाला. त्यांतून एवढें निश्चित दिसतें, कीं यंत्र चालविणें मुलांना शिकवावें लागत नाहीं. तें तीं एकमेकांपासून घेतात. मग आपण शाळेंत काय शिकविलें? नेमकें यंत्र चालविणेंच. २००१ पासून महाराष्ट्रांत एम्‌एस्‌-सीआय्‌टीची परीक्षा घरोघर पोहोंचली, शाळांतून संगणककक्ष झाले, आणि खिडकी कशी उघडावी, मजकूर कसा छापावा हें मुलें शिकलीं. जें आपोआप आलें असतें त्यावर वर्षें गेलीं; जें आपोआप येत नाहीं तें राहिलें.

मराठीपुरती एक निराळी अडचण होती. पहिल्या दहा-पंधरा वर्षांत मराठी मजकूर इंटरनेटवर होता, पण तो ज्या त्या छापखान्याच्या टंकांत होता. पडद्यावर देवनागरी दिसे, आंत मात्र रोमन अक्षरांचे संकेत असत. त्यामुळें शोधयंत्रास ‘पंचगंगा’ हा शब्द कधीं आढळत नसे. युनिकोड रुळल्यावर ही भिंत पडली. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा. तरी आजहि अडथळे संपलेले नाहींत. १९६२ सालीं शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि कित्येक अनुस्वार गेले. म्हणून त्यापूर्वींच्या पुस्तकांत ‘शाळेंत’ असें असलेला शब्द ‘शाळेत’ असें लिहून शोधणाऱ्यास हमखास सांपडेलच असें नाहीं. ‘राजर्षि’ आणि ‘राजर्षी’ यांचेंहि तेंच. इंग्रजींत शोधावें तर उत्तरें पुष्कळ, परंतु तीं कोल्हापुरापासून दूर बसलेल्यांनीं लिहिलेलीं. कोल्हापूरच्या मुलास आपल्याच गांवाची माहिती परक्या भाषेंतून, परक्यानें सांगितलेली मिळावी, ही अडचण पुण्या-मुंबईच्या मुलापेक्षां त्याला अधिक जाचते.

आणि तरीहि या शहरांत शोधविद्येचा एक चांगला पाठ यंत्रावांचून घालून दिला गेला होता. ना. सी. फडके यांच्या कन्या लीलाताई पाटील यांनीं १९८५ सालीं कोल्हापुरांत सृजन आनंद विद्यालय सुरू केलें. शिक्षकांना शिकविण्यांत आयुष्य घालविल्यानंतर त्यांनीं ही मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा काढली, आणि शाळेबाहेरचें जग हेंच मुलांचें पुस्तक मानलें. मुलांनीं पाहावें, विचारावें, मोजावें, मग लिहावें. २०२० च्या जूनमध्यें लीलाताई निवर्तल्या. त्याच वर्षींच्या मार्चांत साथीमुळें शाळा बंद झाल्या होत्या आणि वर्ग मोबाइलवर भरत होते. ज्या घरीं एकच मोबाइल होता तेथें तो वडिलांबरोबर कामावर जाई. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हां मोबाइल मुलांच्या हातांत राहिला होता, आणि बाहेर पडून विचारण्याची संवय मात्र मोडली होती.

मधल्या काळांत आणखी एक सोय आली. पाठ्यपुस्तकांत काळे-पांढरे चौकोन छापले जाऊं लागले. त्यांवर मोबाइल धरला कीं नेमकें पान उघडतें. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यांत या चौकोनांच्या उपयोगाचा मोठा वांटा होता. दुर्गम खेड्यांतील मुलींपर्यंत पाठ पोहोंचविण्याचें त्यांचें काम मोलाचेंच आहे. परंतु चौकोन हा शोध नव्हे. तो मुलास बोट धरून एका ठरलेल्या दारापाशीं नेतो. कोणतें दार ठोठवावें हा प्रश्न मुलास पडतच नाहीं.

तो प्रश्न पाडावा कसा, याला उदाहरण शाहू महाराजांच्या जन्माचेंच घ्यावें. शासन जयंती साजरी करतें २६ जूनला. शोधयंत्रांत थोडें खोल गेलें तर कित्येक पानांवर, विशेषतः इंग्रजी पानांवर, २६ जुलै १८७४ ही तारीख भेटते. महिन्याचा फरक, आणि दोन्हीं बाजूंस पानें अनेक. येथें बहुतेक मुलें मतमोजणी करतात. जिकडे पानें जास्त तिकडे सत्य. शिक्षकानें थांबवावें तें इथें. दोन पानें शेजारीं ठेवून वाक्यें ताडून पाहावयास सांगावें. वाक्यें शब्दशः एक निघालीं तर तीं दोन पानें दोन साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराच्या दोन नकला आहेत. अशा दहा पानांची एक साक्ष धरावी. वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधलें म्हणजे त्याच्या नकला एकदम समोर येतात. ही युक्ति मुलांना एकदां दाखविली कीं तीं ती गंमत म्हणून पुनःपुन्हा करतात. ‘-सातारा’ असें वजाबाकीचें चिन्ह लावून लिहिलें तर साताऱ्याचा उल्लेख असलेलीं पानें बाजूस होतात, हीहि तशीच.

मग साक्षीदारांची जात पाहावी. पानावर लिहिणाऱ्याचें नांव आहे काय? त्यानें आपली माहिती कोठून घेतली हें सांगितलें आहे काय? विकिपीडियाच्या पानाच्या माथ्यावर ‘इतिहास पहा’ असा दुवा असतो. त्यांत कोणी, कोणत्या दिवशीं, काय बदललें हें सर्व उघडें असतें, आणि बहुतेक मोठ्या माणसांनींहि तो कधीं उघडलेला नसतो. तेथून पुस्तकांकडे. अण्णासाहेब लठ्ठे यांचें दोन खंडांचें इंग्रजी चरित्र १९२४ चें, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर दोन वर्षांनीं निघालेलें. धनंजय कीर यांचें इंग्रजी चरित्र १९७६ चें. शिवाजी विद्यापीठानें छापलेले शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंड आहेत, आणि जयसिंगराव पवार यांनीं संपादिलेला राजर्षि शाहू स्मारक ग्रंथ आहे. प्रत्येकांत तारीख कोणती आणि तिला आधार कोणता, एवढें वहींत लिहून काढावें. एखाद्या जुन्या कागदांत तारखेबरोबर वार आला असेल, तर तोहि पडताळतां येतो: १८७४ च्या २६ जूनला शुक्रवार होता, २६ जुलैला रविवार. ही जंत्रीची युक्ति इतिहासकारांची नेहमींची आहे, आणि सातवीच्या मुलास ती गणितांतल्या कोड्याहून अवघड नाहीं.

जन्मस्थळाचा घोटाळा तर याहून सोपा व अधिक बोधक आहे. पुष्कळ पानें सांगतात, महाराजांचा जन्म कागल येथें झाला. पण कोल्हापुरांतच कसबा बावड्याजवळ लक्ष्मी विलास राजवाडा आहे, आणि महाराजांचें जन्मस्थळ म्हणून तो शासनानें जतन केला आहे. मग कागल आलें कोठून? ‘कागलच्या घाटगे घराण्यांत जन्म’ हें वाक्य खरें आहे. महाराजांचें मूळ नांव यशवंतराव. वडील कागलचे आबासाहेब घाटगे, आई राधाबाई. १८८४ सालीं आनंदीबाईंनीं त्यांना करवीरच्या गादीवर दत्तक घेतलें. या खऱ्या वाक्याची घाईनें नक्कल करतांना कोणी तरी ‘कागलच्या घराण्यांत’ याचें ‘कागल येथें’ असें केलें असावें, आणि पुढें नकलेची नक्कल झाली. खोटें बोलण्याचा कोणाचा हेतु नव्हता. एका विभक्तिप्रत्ययानें जन्मस्थळ पंधरा-वीस किलोमीटर दूर गेलें. ज्या मुलानें हें एकदां आपल्या डोळ्यांनीं पाहिलें, तें पुढें कोणतेंहि पान वाचतांना जरा सावध होतें. आणि त्याला खात्री करून घ्यावयाची असेल तर शहरांतून कसबा बावड्यास बस जाते.

याचा वर्ग घेण्यास नवा विषय काढावा लागत नाहीं. बालभारतीच्या सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकांत पहिलाच पाठ ‘इतिहासाची साधने’ हा आहे. भौतिक, लिखित, मौखिक असे साधनांचे प्रकार तेथें सांगितलेले आहेत, आणि साधन पारखून घ्यावें हेंहि सांगितलें आहे. तो पाठ परीक्षेपुरता पाठ होतो, आणि त्याच दिवशीं सायंकाळीं तोच विद्यार्थी मोबाइलवरील पहिल्या पानाची नक्कल वहींत उतरवितो. ताम्रपट पारखावा आणि पडद्यावरचें पान मात्र पारखूं नये, असा भेद पुस्तकानें केलेला नाहीं.

पारख न झाल्यास काय होतें हें कोल्हापूरनें पाहिलें आहे. पंचगंगेला पूर येतो तेव्हां राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याची पातळी हा साऱ्या शहराचा जीव कीं प्राण होतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत शहरानें महापूर सोसला. त्यानंतरच्या पावसाळ्यांत जुनींच चित्रें नव्या पुराचीं म्हणून मोबाइलवर फिरलीं तर घर सोडावें कीं न सोडावें या निर्णयावर त्यांचा भार पडतो. चित्रावर तारीख नसते. पण तेंच चित्र शोधयंत्रास दाखवून तें पूर्वीं कोठें व केव्हां आलें होतें हें पाहतां येतें, आणि हें घरांत बहुधा सर्वांत धाकटें मूलच करूं शकतें. २०२३ च्या जूनमध्यें इतिहासांतील व्यक्तींच्या नांवानें समाजमाध्यमांवर टाकलेल्या मजकुरावरून शहरांत बंद व दगडफेक झाली, आणि कांहीं काळ इंटरनेटच बंद ठेवावें लागलें. शाहू महाराजांच्या नगरींत हें घडावें याचें पुष्कळांस दुःख झालें. पण ज्यांच्या हातांत तो मजकूर होता त्यांस, हें कोणी लिहिलें आणि कां लिहिलें, हा साधा प्रश्न विचारण्याची संवय कोणी लावली होती, याची चौकशी फारशी झाली नाहीं.

२०२४ पासून भारतांत गूगलच्या उत्तरांच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेनें रचलेला उतारा येऊं लागला आहे. भाषा स्वच्छ, सूर निःशंक. अनेक पानांतून वेंचून तो रचलेला असतो, म्हणून त्या पानांतील कागल त्यांतहि येऊं शकतें. त्याखालीं मूळ पानांचे दुवे दिलेले असतात. ते उघडावयाचे हा नियम घरांत व वर्गांत एकदां घालून दिला, तर वर सांगितलेली सर्व पारख तेथूनहि सुरू करतां येते. न उघडल्यास पंतोजी नाहीं, सही नाहीं आणि सूचीहि नाहीं, अशा उत्तरावर मूल विसंबतें.

आणि कांहीं उत्तरें कोठल्याच यंत्राच्या सूचींत नाहींत. करवीर संस्थानच्या दप्तराचे रुमाल कोल्हापूरच्या पुरालेखागारांत आहेत. त्यांतील पुष्कळ कागद मोडी लिपींत आहेत. जो कागद इंटरनेटवर चढलाच नाहीं तो शोधयंत्रास दिसत नाहीं, आणि चढला तरी एकमेकांत गुंतलेलें तें हस्ताक्षर यंत्रास सहजीं उलगडत नाहीं. आजोळच्या घराची सनद, जुन्या पुराच्या पाण्याची भिंतीवरची खूण, विहिरीवरचा लेख, आजीला आठवणारीं शेतांचीं नांवें, हींहि अशींच यंत्राबाहेरचीं. मोडी वाचतां येणारीं माणसें शहरांत अजून आहेत, आणि राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीची परीक्षाहि घेतो. सातवी-आठवींतील मुलास बाराखडी जुळवून पहिली ओळ लावण्यास कांहीं आठवडे पुरतात.